खाऱ्या निचऱ्यावर पिकलेला गहू

पाणी आले म्हणजे रान पिकणारच, असे आपण धरून चालतो. पण पाण्यानेच राने नापीक झाल्याची उदाहरणे थोडी नाहीत. त्यातली एक हकीकत हरियाणातली आहे, आणि तिचा शेवट ऐकण्यासारखा आहे.

यमुनेचा पश्चिम कालवा फार जुना. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो काढला. पुढे तो बुजला, आणि १८२० च्या सुमारास इंग्रजांनी तो पुन्हा वाहता केला. पिके वाढली खरी. पण कालव्याचे पाणी झिरपून झिरपून जमिनीखालच्या पाण्याची पातळी वर चढली. दिव्याची वात तेल वर ओढते ना, तशी माती हे पाणी वर ओढते. उन्हाने पाणी उडून जाते, मीठ तेवढे मागे राहते. १८५५ च्या सुमारास पानिपतच्या बाजूच्या मुनक गावाहून तक्रार आली, की शेतावर पांढरे क्षार फुलू लागले आहेत. कर्नालला तर दलदलीमुळे हिवताप इतका माजला, की तिथली लष्करी छावणी उठवावी लागली. त्याच कर्नालात १९६९ साली केंद्रीय मृद लवणता संशोधन संस्था उभी राहिली.

या संस्थेने १९८४ साली रोहतक जिल्ह्यातल्या सांपला येथे शेताखाली भोकांचे नळ पुरले. पाणी नळांत उतरू लागले, जमीन मोकळी झाली. पण मग प्रश्न आला : हे खारे पाणी टाकायचे कुठे? समुद्र दूर. नाल्यात सोडावे, तर आपले मीठ खालच्या गावाच्या माथी मारल्यासारखे होणार. आणि गव्हाला तर पाणी अपुरे!

तेव्हा १९८६-८७ पासून १९९२-९३ पर्यंत सात रब्बी हंगाम तिथे एक प्रयोग चालला. कोवळ्या अंकुराला मीठ सोसत नाही, म्हणून पेरणीपूर्वीचे पाणी कालव्याचे, गोडे द्यायचे. गहू उभा राहिला, की पुढच्या पाळ्या खाऱ्या पाण्याच्या. लिटरमागे सुमारे ४ ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यावर उत्पन्न जेमतेम ४ टक्क्यांनी घटले. सुमारे १२ ग्रॅमच्या पाण्यावर, म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या एकतृतीयांश खारेपणावर, घट २२ टक्के आली. म्हणजे शेकडा अठ्ठ्याहत्तर गहू तरीही पदरात पडला.

मग ते मीठ गेले कुठे? रब्बीत ते जमिनीत साठत होते, हे खरे. पण पावसाळा आला, की पावसाचे पाणी ते धुऊन खाली नेई, आणि पुरलेले नळ ते शेताबाहेर काढीत. सगळी मेख इथे आहे. नळ नसते, तर याच पाण्याने दोन-चार वर्षांत रानाची माती केली असती.

आपल्याकडे नीरा आणि कृष्णेच्या खोऱ्यांत कालव्याखालची राने अशीच क्षारपड झाली आहेत. पण सांपल्याची जमीन हलकी, पाणी झटकन सोडणारी. आपली काळी जमीन पाणी धरून बसते. शिवाय ऊस, भाजीपाला, द्राक्षे ही पिके गव्हाइतके मीठ सोसत नाहीत. तेव्हा तिकडचा प्रयोग जसाच्या तसा उचलू नका. आधी माती आणि पाणी तपासून घ्या, निचऱ्याची सोय करा, मगच त्या पाण्याचा विचार करा.

गुरुजींनी शाळेत दोन कुंड्या मांडाव्यात : एकीला तळाशी भोक असावे, दुसरीला नसावे. दोन्हींना मिठाचे पाणी घालावे, आणि मधूनमधून साधे पाणीही भरपूर ओतावे. कोणत्या कुंडीतले रोप तग धरते, ते मुलांनाच पाहू द्यावे. पाणी दोनदा वापरता येते. पण मिठाला बाहेरची वाट द्यावीच लागते, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.