जुनी जीप : लोखंड आणि कागद

जुनी फोर बाय फोर गाडी घ्यायची, तिला मोठे टायर घालायचे, पाटे बदलायचे आणि घाटात, नदीपात्रात, चिखलात घालायची, ही हौस आपल्याकडे आता चांगलीच रुजली आहे. आज इथे बसलेल्यांपैकी निदान दोघांच्या अशा गाड्या खाली उभ्या आहेत, येताना पाहिल्या. पण या हौसेचा इतिहास सांगायचा तर तो हौसेपासून सुरू होत नाही. तो एका फसलेल्या सरकारी खरेदीपासून सुरू होतो.

१९४८ साल. काश्मीरात लढाई चालू होती आणि लष्कराला डोंगरात चालणाऱ्या गाड्या हव्या होत्या, ताबडतोब हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी २००० जीपगाड्यांचा करार केला. नव्या नव्हेत, वापरलेल्या, दुरुस्त करून देण्याच्या. १९४९ मध्ये १५५ गाड्यांची पहिली खेप मद्रासला उतरली. लष्कराने ती तपासली आणि सांगितलं की या गाड्या कामाच्या नाहीत. बरीचशी रक्कम तोवर देऊन झाली होती. संसदेत गदारोळ झाला, अनंतशयनम अय्यंगार यांची समिती बसली, आणि १९५५ साली गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी सरकारच्या बाजूने हे प्रकरण संपल्याचं जाहीर केलं. पुढच्याच वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले.

स्वतंत्र भारतातला पहिला घोटाळा म्हणून ही गोष्ट नेहमी सांगितली जाते. दोष कुणाचा, यावर भरपूर लिहून झालंय, त्यात आम्ही शिरत नाही. आम्हाला ती जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाची गोष्ट वाटते. गरज निकडीची, गाडी डोळ्यांआड, आणि भरवसा कागदावर. आजही जुनी जीप घेताना माणूस नेमका याच तीन ठिकाणी फसतो.

पण वापरलेल्या जीपगाड्या जगात एवढ्या संख्येने होत्याच का? १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी गाडीसाठी निविदा काढली आणि नमुना द्यायला अवघे ४९ दिवस दिले. बँटम नावाच्या छोट्याशा कंपनीने कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याला घेऊन तो वेळेत उभा केला. काम मात्र मुख्यतः विलीज आणि फोर्ड यांना गेलं, कारण बँटमकडे तेवढी ताकद नव्हती. युद्ध संपेपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून जास्त गाड्या काढल्या. लष्कराचा आग्रह असा की विलीजचा भाग फोर्डला बसला पाहिजे. रणांगणावर दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी करता आली पाहिजे.

हा आग्रह लक्षात ठेवा. आपल्याकडच्या मिस्त्रींनी पुढे पन्नास वर्षं जे केलं, त्याचं मूळ इथे आहे. जीपचा सांगाडा शिडीसारखा सरळ, त्यावर बॉडी नुसती बोल्टने बसवलेली, पुढे-मागे पाट्यांवर धुरे. वेल्डिंग येणाऱ्या माणसाला ही गाडी काही लपवत नाही.

युद्धानंतर लष्करी माल लिलावात निघाला. ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. बंगालमधलं पानागढ, जिथे युद्धात अमेरिकनांचा तळ होता, ते लष्करी जुन्या गाड्यांच्या बाजारासाठी पुढे प्रसिद्ध झालं. इकडे मुंबईत महिंद्रा अँड मोहम्मद या १९४५ च्या कंपनीतले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथे गव्हर्नर जनरलही झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. माझगावला विलीजच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. म्हणजे लिलावातली जीप आणि कारखान्यातली जीप एकाच कुळातली. सुटे भाग मिळू लागले, आणि सुटे भाग मिळाले की जुनी गाडी मरत नाही.

खरी उलथापालथ मात्र तेलाने केली. १९७३ नंतर पेट्रोल महागलं आणि पेट्रोल पिणारी जीप अंगणात उभी राहिली. महिंद्राकडे इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्यातून आलेला ट्रॅक्टरचा धंदा होता. ट्रॅक्टरच्या घराण्यातलं डिझेल इंजिन जीपमध्ये आलं, मग प्यूजोचं २११२ सीसीचं आलं. जे कंपनीने केलं तेच जिल्ह्याजिल्ह्याच्या गॅरेजांनी जुन्या गाड्यांवर केलं. इंजिन बदलणं म्हणजे एक उचललं आणि दुसरं ठेवलं, असं नसतं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढे एक पाटा वाढवावा लागतो. जुन्या गिअरबॉक्सच्या तोंडाशी नवं इंजिन जुळवायला मधे प्लेट कातून बसवावी लागते, आणि ती केसभर तिरकी बसली तर शाफ्ट वर्षभरात खातो. थरथर वाढते, तिने सांगाड्याला चिरा जातात. हे सगळं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. लेथवर बसलेल्या माणसाच्या बोटांत होतं, आणि त्या माणसांचा इतिहास आपल्याकडे कुणी लिहिलेला नाही. खंत वाटते, एवढंच म्हणतो.

आणि ही कामं हौसेची नव्हती. सातारा-कोल्हापूरकडे ज्याला वडाप म्हणतात, त्या जीपगाड्या बाजाराच्या दिवशी माणसं, टोपल्या, कधी बकरंही भरून खेड्यात जायच्या. एसटीची फेरी चुकली की वडापच. त्यासाठी मागचा भाग लांबवला, बाकं बसवली, टपावर कॅरिअर आलं. त्या धंद्याला फोर व्हीलचा उपयोग नव्हता. पुढचा चालता धुरा म्हणजे जादा वजन, जादा डिझेल, जादा देखभाल. कित्येक जीपगाड्या टू व्हील म्हणूनच विकल्या गेल्या, काहींचा पुढचा धुरा नंतर निघाला. गंमत बघा, आजचा हौशी गिऱ्हाईक नेमका तोच धुरा शोधत फिरतो आणि मोडीतून आणून परत बसवतो.

तो बसवल्यावर एक चूक हमखास होते. या जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या धुऱ्याच्या मधे डिफरन्शियल नसतं. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब मिटतो. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही, सगळा ताण ट्रान्सफर केसवर येतो. विकणाऱ्याने अभिमानाने डांबरावर फोर व्हील टाकून दाखवली, तर ती गाडी अशीच चालवली गेली असणार. चाकाच्या हबचं तेल काढून बघावं. दुधाळ निघालं तर आत पाणी गेलंय.

आता कागदाकडे येऊ. काही वर्षांपूर्वी आम्ही चार मित्रांनी एक जुनी जीप बघितली, जवळजवळ घेतलीच. इंजिन गोड चालत होतं. आमच्यातल्या एकाने चेसिस नंबरवर कागद धरून पेन्सिल फिरवली, आरटीओत द्यायला काढतात तसा छाप. छापात दोन आकडे इतरांपेक्षा खोल उमटले. पत्रा तिथे घासलेला होता. मालक म्हणाले, “अहो, बॉडी एका गाडीची, सांगाडा दुसऱ्या, इंजिन तिसऱ्या. कागद आहेत ना?” ते खोटं बोलत नव्हते. दोन मोडक्यांतून एक चालती, हा तर जीपचा जन्मसिद्ध नियम. पण सरकारदरबारी त्या गाडीला नेमकं कोण म्हणायचं? आम्ही परत आलो. एक मित्र अजून म्हणतो की चूक केली.

कायद्याने याचं उत्तर उशिरा आणि कडक दिलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीतला तपशील विसंगत होईल असा बदल करायचा नाही. केरळमधल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी हाच अर्थ पक्का केला. त्याआधी डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने बुल बारविरुद्ध राज्यांना लिहिलं होतं. आणि १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५००० रुपये झालं.

आमचं मत स्पष्ट आहे. बुल बारचा नियम योग्यच. समोरच्या पादचाऱ्याचा जीव हौसेपेक्षा मोठा, शिवाय त्या दांडीने एअरबॅगच्या सेन्सरचंही गणित बिघडतं. पण वडापच्या काळात ज्या बदलांवर तालुके चालले, ते आणि दिखाऊ लोखंड एकाच ओळीत बसवणं आम्हाला पटत नाही. परदेशात अनेक ठिकाणी बदललेली गाडी तपासून, दाखला देऊन रस्त्यावर येऊ देतात. आपल्याकडे इंजिन बदलायला परवानगीची वाट आहे, सीएनजी बसवायला आहे. पाटे, टायर, धुरा यांसाठी तपासणीची तशी सरळ वाट नाही. म्हणून चांगला मिस्त्री आणि वाईट मिस्त्री कागदावर सारखेच बेकायदा ठरतात, आणि गिऱ्हाइकाला दोघांतला फरक सांगणारं कुणी उरत नाही.

खाली उभ्या असलेल्या दोन गाड्यांपैकी हिरवी कुणाची आहे? व्याख्यानानंतर जरा थांबा. बॉनेट उघडून बघायचंय, आणि पेन्सिल आम्ही आणलीय.