कशावरून? : घरच्या घरी प्राचीन जगाचा इतिहास

यवतमाळला आमच्या घरी एका संध्याकाळी मी मुलीला वाचून दाखवत होतो. माणूस सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी शेती करू लागला, अशा अर्थाचे एक वाक्य आले. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिने विचारले, 'कशावरून?' मी म्हणालो, 'पुस्तकात लिहिलंय.' ती म्हणाली, 'पण पुस्तक लिहिणाऱ्याला कशावरून कळलं?' या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. साहित्य शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. पाठभेद, प्रत, प्रक्षेप हे माझ्या रोजच्या वापरातले शब्द. तरीही एखाद्या ओवीबद्दल जो प्रश्न मी विद्यार्थ्यांना विचारायला लावतो, तो मेसोपोटेमियाबद्दल स्वतःला कधी विचारला नव्हता.

महाराष्ट्रातील मुलाची इतिहासाशी पहिली खरी गाठ पडते ती चौथीच्या शिवचरित्रात. कित्येक पिढ्यांची अशीच पडली आहे. २०१५ साली आलेल्या पाचवीच्या 'परिसर अभ्यास – भाग २' मध्ये उत्क्रांती, अश्मयुग, स्थिर जीवनाची सुरुवात हे विषय होते आणि इतिहास म्हणजे काय, याचीही चर्चा होती. म्हणजे पाठ्यपुस्तकाला दोष देऊन भागणार नाही. मात्र वर्गाला घड्याळ असते, परीक्षा असते, आणि 'कशावरून?' हा प्रश्न वेळ फार खातो. तो वेळ देण्याची सोय घरात आहे. घरच्या शिक्षणाचे समर्थन करायचे तर मी एवढ्याच मुद्द्यावर करीन.

मुलांना जगाचा इतिहास घरातून सांगण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. १९२८ च्या उन्हाळ्यात जवाहरलाल नेहरूंनी मसुरीला असलेल्या दहा वर्षांच्या इंदिरेला पृथ्वीच्या जन्मापासून आरंभ करून पत्रे लिहिली. ती १९२९ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि १९३१ मध्ये खुद्द प्रेमचंदांनी त्यांचा हिंदी अनुवाद केला. पुढे ऑक्टोबर १९३० ते ऑगस्ट १९३३ या काळात तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांचा 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी' हा ग्रंथ झाला. मराठीत साने गुरुजींनी पुतणी सुधा हिला 'साधना' साप्ताहिकातून लिहिलेली 'सुंदर पत्रे' याच कुळातली. तिकडे व्हिएन्नात १९३५ साली अर्न्स्ट गोम्ब्रिख या सव्वीस वर्षांच्या तरुणाने सहा आठवड्यांत मुलांसाठी जगाचा छोटेखानी इतिहास लिहिला, तोही समोर बसलेल्या बालवाचकाशी बोलावे तसा.

या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. नेहरू आरंभीच साधा गोटा हातात घेतात आणि दगड वाचता येतो हे सांगतात, तेव्हा ते मुलीच्या 'कशावरून?'ला तो विचारला जाण्याआधीच उत्तर देत असतात. परंतु पत्राला एक अंगभूत मर्यादा आहे. पत्र लिहिणारा दूर असतो. वाचणाऱ्याला त्याचे वाक्य मध्येच तोडता येत नाही. त्यामुळे ओघ सुंदर राहतो, पण पुरावा हळूहळू मागे पडून कथा पुढे येते. गोम्ब्रिखला याची जाणीव उशिरा का होईना झाली. अनेक वर्षांनंतर जोडलेल्या शेवटच्या प्रकरणात त्याने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीविषयी आपण पूर्वी जे लिहिले होते ते चुकीचे होते, अशी कबुली बालवाचकांना दिली. माझ्या मते संपूर्ण पुस्तकातला इतिहासाचा सर्वांत चांगला धडा तोच आहे.

मराठी वाचकाला हा मुद्दा परका वाटू नये. आपल्या इतिहाससंशोधनाचा पायाच मुळी 'साधने' या शब्दावर उभा आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये जो पहिला खंड काढला त्याचे नाव 'मराठ्यांचा इतिहास' असे नव्हते, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' असे होते. आधी कागद, मग कथा. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले ते याच निष्ठेतून. असे असूनही साधने पंडितांना आणि कथा मुलांना, अशी वाटणी आपण करून टाकली. मुलांना निष्कर्ष मिळाले, ते कसे निघाले हे मात्र कळले नाही. घरी ही वाटणी मोडून पाहावी, असे मी ठरवले.

पहिली अडचण काळाची. आठ वर्षांच्या मुलाला 'पाच हजार वर्षे' म्हणजे काय ते कळणार कसे? उपाय तिच्या पणजीच्या पेटीत सापडला. एक जुने सुती नऊवारी लुगडे आम्ही ओसरीपासून न्हाणीघरापर्यंत पसरले आणि ठरवले, एक वार म्हणजे एक हजार वर्षे. पदराचे टोक म्हणजे आज. शिवाजी महाराज टोकापासून दीड वितेच्या आत आले. मुलगी चकित झाली, कारण तिच्या लेखी महाराज म्हणजे अगदी प्राचीन काळ. गौतम बुद्ध अडीच वारांवर. गिझाचा मोठा पिरॅमिड साडेचार वारांवर, म्हणजे लुगड्याच्या बरोबर मध्यावर. आणि शेतीचा आरंभ? तिथवर लुगडे पुरले नाही. ते संपल्यावर पुढच्या फरशीवर तिने एक पाट नेऊन ठेवला. त्या पुरले नाही याचा तिला जो आनंद झाला, तो मला कुठल्याही सनावळीतून देता आला नसता.

आता 'कशावरून?'. घरात पाटा-वरवंटा आहे, मिक्सर आल्यापासून कोपऱ्यात पडून. सीरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा नावाची नवाश्मयुगीन वस्ती होती. धरणाच्या पाण्याखाली जाण्यापूर्वी १९७२-७३ मध्ये तिचे उत्खनन झाले. तिथे धान्य भरडण्याचे पाट्यासारखे दगड मिळाले आणि माणसांचे सांगाडेही मिळाले. थेया मॉलेसन या संशोधिकेने ती हाडे तपासली तेव्हा पायाच्या अंगठ्यांचे सांधे, गुडघे आणि पाठीचे मणके झिजलेले आढळले. अशी झीज विशेषकरून स्त्रियांच्या हाडांत होती. पायाची बोटे मुडपून, गुडघ्यांवर बसून, तासन्‌तास दगडावर दगड घासल्याची ती खूण. मुलीने पाट्यापाशी तसेच बसून वरवंटा मागे-पुढे केला. पाच मिनिटांत उठली आणि म्हणाली, 'अंगठा दुखतो.' नऊ हजार वर्षांहून जुन्या त्या अनाम बाईशी तिची ओळख झाली ती अशी. जात्यावरच्या ओव्या शिकवताना स्त्रियांच्या श्रमांविषयी आपण वर्गात पुष्कळ बोलतो. ते श्रम हाडांत लिहिले जातात, हे मलाही त्या दिवशी प्रथमच नीट उमगले.

दुसरे साधन घराबाहेर. यवतमाळ जिल्हा कापसाचा. डिसेंबरात रस्त्याच्या कडेला गाड्यांतून उडालेला कापूस पडलेला असतो. इ.स.पू. पाचव्या शतकात हिरोडोटसने लिहून ठेवले की हिंदुस्थानात झाडांना लोकर येते, ती मेंढीच्या लोकरीहून सरस असते आणि तिथले लोक तिचीच वस्त्रे करतात. पण हिरोडोटस ऐकीवही पुष्कळ लिहितो. मग कशावरून? कापड तर कुजून जाते. उत्तर असे की मोहेंजोदडोला एका चांदीच्या भांड्याला चिकटलेले सुती कापडाचे तुकडे टिकले, आणि बलुचिस्तानात मेहेरगढला तांब्याच्या मण्याच्या भोकात सुताचे तंतू उरले. धातू गंजला आणि त्या गंजाने धागा राखला. मेहेरगढचा तो मणी इ.स.पू. सहाव्या सहस्रकातला, म्हणजे लुगड्याच्या सातव्या-आठव्या वारावरचा. आणि आमचे लुगडेही सुतीच होते.

इथे छाती फुगवण्याचा मोह होतो. म्हणून लगेच पुढची गोष्ट सांगावी. आज आपल्या शिवारात दिसणारा कापूस बहुतांशी तो जुना देशी कापूस नव्हे. त्याची जात अमेरिकेची, मेक्सिकोच्या परिसरात माणसाळवलेली. २००२ मध्ये मंजुरी मिळालेले बीटी वाणही मुख्यतः त्याच जातीतले. म्हणजे बांधावरच्या एका बोंडात दोन खंडांचा प्राचीन इतिहास आहे. एक आपला, दुसरा ज्यांची नावेही आपण घेत नाही अशा शेतकऱ्यांचा.

तिसरे साधन एक पत्र. इराकमधील उर या नगरात सापडलेली आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली ही मातीची पाटी सुमारे इ.स.पू. १७५० ची, म्हणजे लुगड्याच्या पावणेचार वारांवरची. नन्नी नावाचा गिऱ्हाईक एआ-नासिर या तांब्याच्या व्यापाऱ्याला खडसावतो आहे: चांगला माल देण्याचे कबूल करून हलका माल दाखवलास, माझ्या माणसाचा अपमान केलास, यापुढे मी माल पारखूनच घेईन. ओलाव्याच्या नावाने भाव पाडल्याच्या तक्रारी ज्या मुलांनी घरात ऐकल्या आहेत, त्यांना हे पत्र समजावून द्यावे लागत नाही. मुलीने फक्त एवढेच विचारले, की मग त्याने पैसे परत दिले का? ते पाटीवर नाही. एवढे मात्र ठाऊक आहे की ज्या घरात ती पाटी मिळाली, तिथे त्याच व्यापाऱ्याविरुद्धच्या आणखीही तक्रारी मिळाल्या. मुलीने आपला निष्कर्ष काढला. तो काढताना ती इतिहासकाराचेच काम करीत होती.

आता प्रश्न आमच्या स्वतःच्या मातीचा. वऱ्हाड-नागपूर भागातील प्राचीन अवशेषांकडे आधुनिक काळात प्रथम ज्यांचे लक्ष गेले, त्यांत रिव्हेट-कार्नॅक हा इंग्रज अधिकारी होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि इंग्रजांची नजर या काळ्या मातीवर खिळली. त्या धामधुमीत मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी नेमलेला हा कापूस-आयुक्त. नागपूरजवळ जुनापाणी येथील शिळावर्तुळे त्याने खणली. पुढे माहुरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड येथे उत्खनने झाली. नैकुंडला तर लोखंड गाळण्याची भट्टीच मिळाली. कापसाच्या शोधात आलेल्या माणसाला लोहयुगाची दफने सापडावीत, यात इतिहासाची गंमत आहे.

यवतमाळ जिल्ह्यात अलीकडे जे घडले ते अधिक जवळचे. २०२३-२४ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने बाभुळगाव तालुक्यातील पाचखेड येथील टेकाडाचे उत्खनन केले. तिथे लोहयुग, सातवाहनकाळ, मध्ययुग आणि निजामकाळ असे वस्तीचे थर एकावर एक मिळाले. तळच्या थरात गोल घराचे आणि चुलीचे अवशेष होते. अंदाज सुमारे तीन हजार वर्षांचा. नेमक्या कालमापनासाठी नमुने दिल्लीच्या प्रयोगशाळेकडे पाठवले गेले. शेताची ती 'काळी' आणि वस्तीची ती 'पांढरी', हा भेद आपल्या गावकऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. राख, शेण, पडक्या भिंतींची माती साचून जमीन पांढरी होते. पुरातत्त्वज्ञही जुन्या वस्तीच्या शोधात अशी पांढरीच हुडकत फिरतो. शास्त्र आणि बोली इतक्या सहज जुळल्याची उदाहरणे थोडी असतील.

लुगड्यावर आम्ही तिसऱ्या वारापाशी एक चूल काढलेला कागद ठेवला. मग त्याच आडव्या रेषेवर आणखी कागद आले: चीनमध्ये चौ घराण्याचा उदय, भूमध्य समुद्रावर फिनिशियन व्यापारी आणि त्यांची अक्षरे, मेक्सिकोत प्रचंड दगडी मस्तके घडवणारे ओल्मेक. पाचखेडची चूल त्यांच्या रांगेत बसली. ती त्यांच्याहून मोठी ठरली नाही, पण रांगेबाहेरही राहिली नाही.

मला या सगळ्यात जे पणाला लागलेले दिसते ते हेच. वर्तमानपत्रांनी आमच्या जिल्ह्याला गेल्या अडीच-तीन दशकांत एकच ओळख दिली आहे, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची. इथले मूल सहज समजून चालते की इतिहास कुठेतरी दुसरीकडे घडतो आणि आपल्या वाट्याला फक्त बातम्या येतात. या न्यूनगंडावर उतारा म्हणून त्याच्या हाती आयता अभिमान देणारे पुष्कळ आहेत: सगळे काही प्रथम आपल्याकडेच होते, असा. तो उतारा मला रोगाइतकाच घातक वाटतो. दोन्ही समजुतींना एकच प्रश्न पुरतो. आपल्याकडे काहीच नव्हते? कशावरून? सगळे आपल्याकडेच होते? कशावरून?

हा प्रश्न शिकवणाऱ्यालाही सोडत नाही, हे आरंभीच पत्करावे लागते. पाचखेडच्या त्या गोल घरातले लोक कोणती भाषा बोलत होते, असे मुलीने परवा विचारले. कोलामी, गोंडी, बंजारा, वऱ्हाडी अशा भाषा ऐकत वाढणाऱ्या मुलीचा हा प्रश्न. मी सांगितले, की चूल बोलत नाही आणि त्यांनी लिहून ठेवलेले काही मिळालेले नाही. म्हणून कुणालाच सांगता येत नाही. तिने थोडा विचार केला आणि चुलीच्या कागदावर एक प्रश्नचिन्ह काढले. लुगडे घडी करून पेटीत ठेवले, तेव्हा तो कागद आम्ही आतच राहू दिला.