रौप्य डॉलर, रंगछटायुक्त

दीर्घकाळच्या साठवणीत पृष्ठभागावर रंगांचे थर चढलेली चांदीची डॉलर नाणी. त्यांचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मॉर्गन डॉलर होय. जॉर्ज टी. मॉर्गन या कोरीवकाराने आकृतिबंध केलेले हे नाणे १८७८–१९०४ या काळात व पुन्हा १९२१ मध्ये पाडण्यात आले. त्याचे वजन २६.७३ ग्रॅ., व्यास ३८.१ मिमी. असून त्यात ९० टक्के चांदी व १० टक्के तांबे असते.

१८७८ च्या ब्लंड-ॲलिसन अधिनियमाने दरमहा २० ते ४० लाख डॉलर किंमतीची चांदी खरेदी करणे सरकारवर बंधनकारक केले. त्यामुळे व्यवहाराच्या गरजेपेक्षा अधिक नाणी पाडली गेली आणि हजार-हजारांच्या कापडी पिशव्यांत कोषागारात पडून राहिली. १९१८ च्या पिटमन अधिनियमान्वये २७ कोटींहून अधिक रौप्य डॉलर वितळविण्यात आले. उरलेल्यांपैकी पुष्कळसे १९६४ पर्यंत लोकांच्या हाती गेले.

कापडातील व हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडाचा अतिशय पातळ थर बनतो. थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठांवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाच्या व्यतिकरणामुळे रंग दिसतात. थर जाड होत जातो तसे पिवळा, किरमिजी, निळा असे रंग क्रमाने येतात; फार जाड झाल्यास नाणे काळे पडते. पिशवीत कापडाला टेकलेल्या बाजूवरच रंग चढे व शेजारच्या नाण्याने झाकलेला भाग चंद्रकोरीसारखा पांढरा राही.

उष्णता किंवा गंधकयुक्त रसायने वापरून हाच थर अल्पावधीत निर्माण करता येतो. त्यामुळे अस्सलपणाचा निर्णय केवळ द्रव्यावरून होत नाही. रंगांचा क्रम, त्यांचे एकमेकांत मिसळणे आणि रंगाखालील मूळ झळाळी शाबूत असणे, या खुणा परीक्षक पाहतात. क्रम सोडून आलेले भडक रंग संशयास्पद मानतात.

प्रत व मूल्य या भिन्न बाबी आहेत. विल्यम शेल्डन याने १९४९ मध्ये जुन्या अमेरिकन सेंट नाण्यांसाठी १ ते ७० अंकांची श्रेणी मांडली. तीत ७० अंकांचे नाणे १ अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमतीचे, अशी कल्पना होती. किंमतीचे हे प्रमाण पुढे टिकले नाही. अंक मात्र रूढ झाले. ६० ते ७० हे अंक न वापरलेल्या नाण्यांना देतात. मॉर्गन डॉलरच्या बाबतीत स्वातंत्र्यदेवतेच्या गालावरील ओरखडे, कानावरील केसांचा व गरुडाच्या छातीचा उठाव आणि झळाळी यांवरून प्रत ठरते. गडद रंग ओरखडे झाकू शकतो; म्हणून नाणे तिरक्या प्रकाशात फिरवून पाहावे लागते. सारख्याच प्रतीच्या पांढऱ्या नाण्यापेक्षा सुंदर नैसर्गिक छटेच्या नाण्यास कित्येक पट किंमत येते, तर कृत्रिम रंगाच्या नाण्याची किंमत घटते.

आम्लयुक्त द्रावणात बुडवून रंग काढल्यास थराबरोबर पृष्ठावरील चांदीही जाते व झळाळी मंदावते. हानी झालेला मूळ पृष्ठभाग पुन्हा मिळविता येत नाही.