बॅलेचा बांधा : एका मापाचा इतिहास

1881 सालच्या एप्रिलमध्ये पॅरिसच्या एका प्रदर्शनात एद्गार दगाने मेणाचा एक पुतळा मांडला. चौदा वर्षांची नर्तिका, अंगात खऱ्या कापडाचा झगा, हनुवटी वर केलेली. त्याआधी दोनच महिने रशियात, सेंट पीटर्सबर्गला, आना पावलोवाचा जन्म झाला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण पुतळ्यासाठी दगासमोर उभी राहिलेली मारी व्हान गोथेम ही परटिणीची मुलगी होती, आणि पावलोवाची आईही लोकांचे कपडे धुऊन पोट भरत होती. दोन्ही मुली हडकुळ्या. मारीच्या पुतळ्याला समीक्षकांनी माकडाची उपमा दिली. पावलोवाच्या हडकुळेपणाकडे मात्र पुढे जग सौंदर्य म्हणून पाहू लागलं.

मी बॅले शिकलेलो नाही, आणि इतिहासही वर्गात बसून शिकलो नाही. नर्तिकांची चरित्रं, आठवणी आणि नंतर वैद्यकीय नियतकालिकांतले लेख वाचत गेलो, तसा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येत राहिला. बॅले शिकणाऱ्या मुलीचा बांधा कसा असावा, हे ठरवलं कोणी आणि कधी? आता मुंबईतही बॅलेचे वर्ग भरतात, दहा-बारा वर्षांच्या मुली आरशासमोर दांडा धरून उभ्या राहतात. तेव्हा हा प्रश्न अगदीच परका राहिलेला नाही.

सुरुवात मारी ताल्योनीपासून करावी लागते. 1832 साली पॅरिस ऑपेरात ती ‘ला सिल्फीद’मध्ये नाचली आणि चवड्यांच्या टोकावर तरंगणारी, जमिनीला जेमतेम टेकणारी नायिका बॅलेत कायमची आली. ताल्योनीची पाठ किंचित बाकदार होती आणि हात प्रमाणाबाहेर लांब होते. तिचे वडील फिलिपो हेच तिचे गुरू. त्यांनी तिच्याकडून व्हिएन्नामध्ये सहा महिने, रोज सुमारे सहा तास मेहनत करून घेतली आणि तिचा देह थोडा पुढे झुकलेला राहील, हात गोलाकार राहतील अशी ठेवण बसवली. पुढच्या पिढ्यांनी तीच ठेवण सौष्ठव म्हणून गिरवली. म्हणजे बॅलेचा हा आदर्श मुळात एका सदोष मानल्या गेलेल्या शरीराला सांभाळून घेताना घडला.

दगाच्या काळात पॅरिस ऑपेरात शिकणाऱ्या लहान मुलींना ‘छोटे उंदीर’ म्हणत. त्यांतल्या कितीतरी गरीब घरांतून आलेल्या होत्या आणि चार फ्रँक घरी यावेत म्हणून नाचत होत्या. त्यांची काटकुळी अंगं कुठल्या सौंदर्यकल्पनेतून आलेली नव्हती, ती अर्धपोटी राहण्यातून आलेली होती. वर्गांना गैरहजर राहिली म्हणून 1882 साली मारीला ऑपेरातून काढून टाकण्यात आलं.

त्या सुमारास पीटर्सबर्गमध्ये बारीक असणं हा दोषच मानला जात होता. झारच्या नृत्यशाळेने पावलोवाला आधी लहान आणि अशक्त म्हणून परत पाठवलं. 1891 साली, दहाव्या वर्षी, तिला प्रवेश मिळाला. रंगमंचावर तेव्हा इटालियन नर्तिकांचं राज्य होतं. त्यांतली पिएरिना लेन्यानी बुटकी, भरीव पोटऱ्यांची होती. 1895 च्या ‘स्वान लेक’मध्ये तिने एका पायावर सलग 32 गिरक्या घेतल्या. पावलोवाची सहाध्यायी तमारा कार्साविना हिने ‘थिएटर स्ट्रीट’ या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं आहे, की धष्टपुष्ट शरीराचं तेव्हा कौतुक होतं आणि पावलोवाला अंग धरावं म्हणून कॉडलिव्हर ऑइल पाजलं जाई. पावलोवाही इटालियन गिरक्यांचा सराव करू लागली, तेव्हा तिचे गुरू पावेल गेर्द यांनी तिला थांबवलं. त्या कसरती इतरांना करू दे, तुझं बळ तुझ्या नाजूकपणातच आहे, असं त्यांचं सांगणं होतं. त्या सल्ल्यातून जी नर्तिका घडली, तिने ‘मरणारा हंस’ जगभर नेला. 1922 साली ती हिंदुस्थानातही आली आणि पुढच्याच वर्षी लंडनमध्ये उदय शंकर तिच्यासोबत राधा-कृष्णाच्या नृत्यात उभे राहिले.

पावलोवाच्या उदाहरणातून खरं तर एवढंच शिकायचं होतं, की शरीर पाहून नृत्य घडवावं. पण विसाव्या शतकाने तिच्या देहाचं माप तेवढं उचललं. पीटर्सबर्गच्याच शाळेत वाढलेले जॉर्ज बालांशिन 1933 साली अमेरिकेत गेले आणि 1934 साली न्यूयॉर्कला त्यांची नृत्यशाळा सुरू झाली. लांब पाय, लहान डोकं, कृश धड ही त्यांची आवड होती. त्यात पोशाख बदलला. ताल्योनीचा झगा पोटरीपर्यंत येई. 1957 च्या ‘अॅगॉन’मध्ये नर्तक नुसत्या सरावाच्या तंग कपड्यांत रंगमंचावर आले. लपवायला काही उरलं नाही. त्यांची शिष्या गेल्सी कर्कलंड हिने 1986 च्या आत्मचरित्रात लिहिलं आहे, की बालांशिननी वर्गात तिच्या छातीच्या हाडांवर बोटांनी टकटक करून हाडं दिसली पाहिजेत असं बजावलं. तेव्हा तिचं वजन शंभर पौंडांच्याही आत होतं.

बॅलेला शरीराची अट नाहीच, असं मी म्हणत नाही. खुब्यातून पाय बाहेर वळत नसेल तर सगळा ताण गुडघ्यावर येतो. पावलाला पुरेशी कमान नसेल तर टोकावर उभं राहता येत नाही. पण या अटी सांध्यांच्या आहेत, चरबीच्या नाहीत. शिवाय मोठ्या शाळा मुली निवडतात त्या दहाव्या वर्षाच्या आसपास. बारा ते सोळा या वयात शरीर बदलतं, आणि निवडलं गेलेलं माप मोडण्याची वेळ नेमकी तीच असते. मुलगी तेव्हा निसर्गाला थोपवू पाहते, उपाशी राहून.

त्याची किंमत डॉक्टरांनी मोजली आहे. मिशेल वॉरन यांनी 1980 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बॅले शिकणाऱ्या किशोरींना पहिली पाळी सरासरी 15.4 व्या वर्षी आली होती. एरवी ते वय साडेबाराच्या आसपास असतं. त्याहून विचारात पाडणारी गोष्ट म्हणजे, पाळी लांबल्यामुळे हात आणि पाय धडाच्या मानाने अधिक लांब वाढलेले आढळले. ज्या लांब पायांना आपण उपजत देणगी म्हणतो, त्यांतला काही भाग उपासमारीनेही घडलेला असू शकतो. वॉरन आणि सहकाऱ्यांनी 1986 साली 75 व्यावसायिक नर्तिका तपासल्या. त्यांपैकी 61 टक्के जणींचं कधी ना कधी हाड मोडलं होतं आणि 24 टक्के जणींच्या पाठीच्या कण्याला बाक होता. पाळी जितकी उशिरा, तितका धोका जास्त. हाडांत भर पडण्याचं वय एकदाच येतं, आणि या मुली नेमकं तेच उपाशीपोटी घालवतात.

हे सगळं छापून आल्यावरही माप तसंच राहिलं. 2019 साली व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेराच्या बॅलेशाळेची चौकशी झाली. बारीक राहण्यासाठी विद्यार्थ्यांना सिगारेट ओढण्याचा सल्ला दिला जात होता, असं चौकशी समितीच्या अहवालात नमूद आहे. ताल्योनी ज्या शहरात घडली, तेच हे शहर. दुसऱ्या बाजूला मिस्टी कोपलंड आहे. तेराव्या वर्षी, म्हणजे फार उशिरा, ती बॅलेकडे वळली. एकोणिसाव्या वर्षी तिचं अंग भरलं आणि बारीक होण्याच्या सूचना सुरू झाल्या. 2015 साली तीच कृष्णवर्णीय, दणकट पायांची मुलगी अमेरिकन बॅले थिएटरची प्रमुख नर्तिका झाली.

बाकदार पाठीची ताल्योनी, हडकुळी पावलोवा, भरलेल्या अंगाची कोपलंड. तिघींची शरीरं एकमेकींसारखी नाहीत, आणि रूढ मापात तिघींपैकी एकही बसत नव्हती. म्हणून वर्गातल्या मुलीचं वजन शिक्षकांनी काढलं, तर आईवडिलांनी आधी तिची पाळी नियमित येते का ते पाहावं, आणि ती पोटभर जेवते का तेही. शिक्षकांना विचारायचं ते एवढंच, की तिच्या शरीराला शोभेल असं तिला काय शिकवता येईल. पावेल गेर्द यांनी सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतःला हेच विचारलं असणार.