गंध, ग्रंथ आणि स्वकथन

वात्स्यायनाच्या कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत ‘गंधयुक्ती’ आणि ‘पुस्तकवाचन’ या दोन्ही कलांना स्थान आहे. नाटके व आख्यायिका यांचे ज्ञान ही त्याच यादीतील आणखी एक कला. सुवास सिद्ध करणे, ग्रंथ वाचणे आणि कथा जाणणे या तिन्ही गोष्टी नागरकाच्या एकाच शिक्षणक्रमात बसत होत्या. पुढे साहित्यविचारात गंधाची जागा फार आक्रसली. कांटने १७९८ मधील मानवशास्त्रविषयक ग्रंथात घ्राणेंद्रियाला पंचेंद्रियांतले सर्वांत कृतघ्न इंद्रिय ठरवले. हेगेलने कलेचा संबंध दृष्टी आणि श्रवण यांच्यापुरता मर्यादित केला. त्यांच्या आधारे उभ्या राहिलेल्या सौंदर्यमीमांसेत वासाला काही काम उरले नाही. मराठी समीक्षेनेही गंधाची दखल घेतली ती मुख्यतः प्रतिमासृष्टीचा एक घटक म्हणून. कवितेतला परिमळ आणि ललित निबंधातला ओल्या मातीचा वास यांच्यापलीकडे, गंध ही कोणाच्या मालकीची वस्तू आहे आणि दुर्गंध कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न तिने क्वचितच विचारला. तो विचारायचा तर प्रारंभ एका पोथीपासून करावा लागतो.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी १९४५ च्या सुमारास एका दुर्मीळ हस्तलिखिताचा परिचय अभ्यासकांना करून दिला. हे हस्तलिखित रंगाचार्य रड्डी यांच्या संग्रहातले. दंडीच्या काव्यादर्शावर टीका लिहिणाऱ्या पंडिताच्या दप्तरात अत्तरविद्येची पोथी सापडावी, हा योगही अर्थपूर्ण मानता येईल. त्या एकाच हस्तलिखितात दोन ग्रंथ होते : गंगाधराचा ‘गंधसार’ आणि कोण्या अज्ञात ग्रंथकाराचा ‘गंधवाद’. यांपैकी दुसऱ्यावर मराठी टीका आहे. दोन्ही ग्रंथ रामकृष्ण तुळजाराम व्यास यांनी संपादित केले आणि १९८९ मध्ये ते बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापले गेले. मध्ययुगीन मराठी गद्याचा विचार करताना लीळाचरित्र, बखरी आणि पत्रव्यवहार यांची नावे सहज घेतली जातात. या टीकेचे नाव घेतले जात नाही.

संस्कृत गंधग्रंथांची भाषा मुद्दाम आखडती असते. एका द्रव्याला अनेक नावे असतात; कस्तुरी कधी मृगनाभी होते, कधी मृगमद, तर कधी नुसताच मद. छंदाच्या सोयीसाठी आलेली ही नावे जाणकाराला कोड्यासारखी रिझवतात, पण खलबत्ता हातात असलेल्याची अडचण करतात. नखला म्हणजे सागरी शंखवर्गातल्या प्राण्याच्या तोंडावरचे कठीण झाकण. ते कच्चे असताना त्याचा वास कोणालाही सुगंधी वाटणार नाही. ते शुद्ध कसे करायचे आणि कोणत्या द्रव्याबरोबर किती घालायचे, हे ज्याला प्रत्यक्ष करायचे आहे त्याच्यासाठी देशी भाषेतले विवरण आवश्यक ठरते. गंधवादाचा टीकाकार कोण होता, कोणाच्या पदरी होता, हे ज्ञात नाही. पण त्याने मराठीत लिहिले यावरून एवढे अनुमान करता येते की त्याच्यासमोरचा वाचक केवळ रसिक नव्हता. या टीकेत मराठी भाषा कारखान्यात उतरलेली दिसते.

गंधसाराच्या पहिल्या प्रकरणात परिभाषा आणि प्रक्रिया, दुसऱ्यात निरनिराळे योग आणि तिसऱ्यात द्रव्यांचा निघंटु आहे. सुगंध सिद्ध करण्याच्या प्रक्रिया सहा सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. यांतील शेवटचा शब्द साहित्याच्या अभ्यासकाला थांबवणारा आहे. वासन म्हणजे फुलांच्या सहवासात ठेवून दुसऱ्या द्रव्यात गंध उतरवणे. तिळांत जाईची फुले मिसळून ठेवावीत, फुले काढून टाकावीत, आणि नंतर तीळ गाळले की तेलाला जाईचा वास यावा, ही ती क्रिया. बौद्ध विज्ञानवाद्यांनी ‘वासना’ हा शब्द वापरला तो याच दृष्टान्ताच्या आधारे : अनुभव निघून जातो, पण त्याचा गंध चित्तात उरतो आणि पुढच्या अनुभवांना आपला रंग देतो. मराठीत वासनेचा अर्थ संकोचून कामनेपुरता उरला, तर ‘वास’ हा शब्द वस्ती आणि गंध या दोन्ही अर्थांनी नांदतो. गंध आणि स्मृती यांचे नाते सांगताना प्रूस्तचा चहात बुडवलेला केक आठवण्याचा प्रघात आहे. त्यात वावगे काही नाही. पण ज्या परंपरेने स्मृतिसंस्काराला नावच अत्तराच्या प्रक्रियेवरून दिले, तिच्या वारसांनी एवढ्या दूर जाण्याचे कारण नव्हते.

स्मृतीचे शास्त्र या परिभाषेत होते, पण स्मरण करणारी व्यक्ती गंधग्रंथांत नव्हती. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत सोळा द्रव्यांतून चार-चार निवडण्याचे १,८२० प्रकार मोजले आणि प्रमाण व क्रम बदलून ही संख्या १,७४,७२० वर नेली. गणित थक्क करणारे आहे. त्यातला एकही गंध कोणाला कसा वाटला याची नोंद नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ रचला. त्यातील वीस उपभोगांमध्ये तांबूल, विलेपन, माल्य आणि धूप असे चार उपभोग थेट सुगंधाचे आहेत. ग्रंथकार स्वतः राजा आहे, ही सुखे त्याची स्वतःची आहेत. तरीही तो बोलतो ते ‘राजाने असे करावे’ या विध्यर्थात. मराठीच्या इतिहासकारांना हा ग्रंथ प्रिय आहे तो त्यात आढळणाऱ्या जुन्या मराठी ओळींसाठी. त्या गीताच्या आहेत, स्वानुभवाच्या नाहीत.

याच्या शेजारी जहांगीराची आत्मकथा ठेवून पाहावी. कारकिर्दीच्या नवव्या वर्षी, १६१४ मध्ये, तो गुलाबाच्या अत्तराची नोंद करतो. नूरजहानची आई अस्मत बेगम हिने गरम गुलाबपाणी पसरट भांड्यांत ओतले असता वर जमलेला तवंग थोडाथोडा गोळा केला आणि त्यातून हे अत्तर निघाले. सलीमा सुलतान बेगमेने त्याला ‘इत्र-ए-जहांगिरी’ हे नाव दिले. बादशहाने शोध लावणारीला मोत्यांची माळ बक्षीस दिली. इथे गंधाला जन्मकाळ आहे, आई आहे, बारसे आहे. अत्तराचा शोध खरोखर त्याच वेळी लागला काय, याविषयी शंका घेता येते, पण कथनाच्या दृष्टीने तो मुद्दा गौण आहे. गंध प्रथमपुरुषी निवेदनात आला की त्याला माणसे चिकटतात. दख्खनमध्येही इब्राहिम आदिलशहा दुसरा (१५८०–१६२७) याच्या विजापूर दरबारात ‘इत्र-ए-नौरसशाही’ हा गंधविषयक फारसी ग्रंथ सिद्ध झाला. मराठ्यांच्या दरबारात याच संस्कृतीतून ‘अत्तर-गुलाब’ रूढ झाले आणि निरोपाचा तो संकेत एकोणिसाव्या शतकातल्या सभासंमेलनांपर्यंत टिकला.

तथापि प्रथमपुरुषी गंधकथनाचे याहून कितीतरी जुने उदाहरण आहे आणि तेही भांडारकर संस्थेतच तपासले गेले. गोडे ज्या संस्थेत गंधसाराची पोथी वाचत होते, तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम चालू होते. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी संपादित केलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले. त्यात सत्यवती भीष्माला आपली पूर्वकथा सांगते. वंशाला वारस नाही, व्यासाला बोलवायचे आहे, आणि त्यासाठी कौमार्यातली गोष्ट उघड करणे तिला भाग आहे. या कथनात ती आपल्या अंगच्या माशाच्या वासाचा उल्लेख करते : तो किळसवाणा होता, ऋषीने तो घालवून हा शुभ गंध दिला. मत्स्यगंधा योजनगंधा झाली ही गोष्ट मराठी वाचकाला आणि, वसंत कानेटकरांच्या ‘मत्स्यगंधा’ (१९६४) या नाटकामुळे, प्रेक्षकालाही परिचित आहे. तिच्या स्वतःच्या निवेदनातला पेच मात्र सहसा लक्षात घेतला जात नाही. कोळ्यांच्या घरात वाढलेल्या मुलीला घरचा वास किळसवाणा केव्हा वाटू लागला? ती राजमाता म्हणून बोलते आहे. बालपणावर दिलेला जुगुप्सेचा निवाडा राजवाड्यातला आहे, आणि तो तिने स्वतःच्या तोंडून उच्चारला आहे. सुगंध हे तिला मिळालेले वरदान खरे, पण ते तिने मिळवलेले नव्हे. दुसऱ्याने तिच्या देहावर केलेला तो ‘वासन’-संस्कार आहे.

मराठीतील आत्मचरित्रांची पहिली मोठी लाट उच्चवर्णीय घरांतून आली. त्या घरांतील शुद्धाशुद्धतेचे भान स्पर्श आणि पाणी यांच्याभोवती फिरते. लक्ष्मीबाई टिळकांच्या १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाने घर कसे वेठीला धरले जाते याचे अद्वितीय चित्रण आहे, विटाळाची कल्पना विनोदाच्या अंगाने इतकी उघडी करणारे दुसरे पुस्तक मराठीत नाही. पण तिथेही विटाळ धुऊन काढण्याजोगा आहे. ज्याला वासाने ओळखले जाते त्याची कथा त्या घराबाहेर होती.

ती कथा सार्वजनिक झाली कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन केले. त्यानंतर परिषदेतील लोक चवदार तळ्याचे पाणी प्याले, आणि सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. नैयायिकांनी पृथ्वीच्या गंधाचे सुरभी आणि असुरभी असे दोन प्रकार पाडले होते. शेणाने पाणी शुद्ध होते आणि माणसाच्या ओंजळीने बाटते, हे मान्य करणाऱ्या समाजात सुरभी-असुरभीचा निर्णय नाकाकडे कधीच नव्हता, हे महाडला दिसून आले.

दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८) आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) या स्वकथनांचे वेगळेपण इथे आहे. मेलेले जनावर ओढणे हे वतनाचे काम. त्याचे मांस वाटून घेणे ही भूक. बेबी कांबळे त्या मांसाचे, ते धुण्याचे आणि शिजवण्याचे जे वर्णन करतात ते वाचकाला अवघड करते. अनेक परीक्षणांनी या भागाला ‘दाहक वास्तव’ म्हणून गौरवले आणि पुढचा प्रश्न टाळला. मुद्दा असा की निवेदिका सत्यवतीसारखी त्या वासापासून सुटल्यानंतरच्या प्रतिष्ठेतून बोलत नाही, आणि त्या वासाला सुगंधही ठरवत नाही. तो कोणी कोणाच्या दारात आणून टाकला, हे ती सांगते. उर्मिला पवारांनी ‘आयदान’मध्ये (२००३) आईचे बांबूकाम आणि आपले लिहिणे एका धाग्यात आणले, तेव्हाही स्वकथन हाताच्या कामाशी जोडले गेले. गंधवादाच्या मराठी टीकाकारानंतर हस्तकर्म आणि ग्रंथलेखन यांची एवढी जवळीक मराठी गद्यात क्वचितच दिसते.

तांबूलाकडे परत येताना याच जिल्ह्याच्या उत्तर टोकाला जावे लागते. शेलू, नेरळ, भिवपुरी या स्थानकांवरून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या दोन्ही अंगांना आणि पुढे खालापूर तालुक्यात ठाकर व कातकरी यांच्या वाड्या आहेत. कातकरी हे नाव कात करण्याच्या धंद्यावरून पडले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. खैराच्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत उकळायच्या, अर्क आटवायचा, घट्ट झाला की वड्या पाडायच्या. गंधसाराच्या परिभाषेत बोलायचे तर ही क्रिया पाचनाच्या जवळची. विड्याला रंग आणि तुरटपणा येतो तो या काताने. त्यालाच पुढे केवड्याचा नाहीतर गुलाबाचा वास दिला की तो पानदानात शोभतो. उपभोगाच्या ग्रंथात तांबूल आहे, भट्टीवरचा माणूस नाही.

इंग्रज राजवटीतल्या गॅझेटिअरांनी त्याची नोंद घेतली. ठाणे जिल्ह्याचा खंड १८८२ चा आणि कुलाब्याचा १८८३ चा. कर्जत तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत असे. पण त्याआधीच, १८७८ च्या वनकायद्याने, राखीव जंगलांच्या हद्दी आखायला आरंभ झाला होता. खैर सरकारजमा झाला तसा काताचा धंदा मोडत गेला. कातकरी कोळसा पाडू लागले, आणि पुढे उचल घेऊन वीटभट्ट्यांवर जाऊ लागले. १९३४ मध्ये वेलिंग यांनी या जमातीवर इंग्रजीत प्रबंधग्रंथ लिहिला. तोही निरीक्षकाचा ग्रंथ : नावे, कुळी, विधी, कर्ज. उकळत्या काताचा वास कसा असे, हे विचारण्याचे त्याच्या शास्त्राला कारण नव्हते.

गंधवादाच्या मराठी टीकाकाराचेही नाव उरलेले नाही. जुन्या घरांतून पोथ्या तांबड्या फडक्यात बांधून, कसर लागू नये म्हणून त्यांत वेखंडाचे तुकडे ठेवण्याची चाल होती. वेखंड हेही गंधग्रंथांतलेच एक द्रव्य. त्याची पोथी कोणीतरी तशी जपली आणि ती हातोहात रड्डींच्या संग्रहापर्यंत पोचली. कर्जतच्या रानातल्या भट्टीवर कात किती आटला म्हणजे उतरवायचा, हे ज्याला ठाऊक होते त्याने ते आपल्या बोलीत मुलाला सांगितले असेल. मुलाच्या वेळी खैर तोडणे गुन्हा ठरला होता.