जागा होती, पत्ता नव्हता : जुना कॉम्प्युटर आणि मोठी हार्ड डिस्क



या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया, किल्ले आणि सेनापती यांच्याबद्दल बोलतो. आजचा इतिहास मात्र टेबलाखालच्या एका पत्र्याच्या डब्यात घडलेला आहे. जुन्या कॉम्प्युटरमध्ये मोठी हार्ड डिस्क बसवायची म्हटलं, की चार स्क्रू, एक वायर आणि काम फत्ते, असं वाटतं. मलाही तसंच वाटलं होतं. त्याची किंमत काय पडली ते पुढे सांगतोच. पण आधी नकाशाबद्दल थोडं.

मी सिग्नल्सचा माणूस. फौजेत नकाशावरची जागा सांगताना आम्ही सहा आकडी मॅप रेफरन्स देतो. तीन आकडे पूर्वेकडचे, तीन उत्तरेकडचे. त्यावरून शंभर मीटरच्या चौकोनापर्यंत पोचता येतं. पण त्यात एक मेख आहे. तेच सहा आकडे दर शंभर किलोमीटरनंतर पुन्हा येतात. म्हणून मोठ्या मुलखात काम असेल तर आकड्यांच्या आधी त्या चौकोनाची अक्षरंही सांगावी लागतात. ती राहिली, तर माणूस अगदी अचूक पोचतो, फक्त शंभर किलोमीटर चुकीच्या ठिकाणी. आजची सगळी गोष्ट या एका वाक्यात आहे, तेवढं लक्षात ठेवा.

सुरुवात १९५६ सालची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे आयबीएमच्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या पथकानं जगातली पहिली हार्ड डिस्क तयार केली. यंत्राचं नाव रॅमॅक. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या एकावर एक, वजन एक टनाहून जास्त, आणि त्यात मावायची पन्नास लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोही त्यात कदाचित बसणार नाही. पण शोध मोठा होता. टेपवर शेवटची नोंद हवी असेल तर सगळी टेप फिरवावी लागे. चकतीवर मात्र पत्ता सांगा, हात थेट तिथे जातो. म्हणजे हार्ड डिस्क ही पहिल्या दिवसापासून पत्त्यांची विद्या आहे.

पुढे चकत्या लहान होत गेल्या. १९८० मध्ये सीगेट कंपनीनं सव्वापाच इंची, पाच एमबीची डिस्क आणली. मार्च १९८३ मध्ये आयबीएमचा पीसी एक्सटी आला, त्यात दहा एमबीची डिस्क होती. डिस्कशी बोलण्याचं काम बायोस नावाच्या छोट्या प्रोग्रॅमकडे होतं. तो मदरबोर्डवरच्या चिपमध्ये बसलेला असतो आणि कॉम्प्युटर चालू होताच सर्वांत आधी जागा होतो. पत्त्यासाठी त्याच्याकडे तीन रकाने होते. चकतीवरचं कितवं वर्तुळ, त्यासाठी दहा बिट. कितवं हेड, म्हणजे कोणत्या चकतीची कोणती बाजू, त्यासाठी आठ. आणि त्या वर्तुळाचा कितवा तुकडा, म्हणजे सेक्टर, त्यासाठी सहा. एका सेक्टरमध्ये ५१२ बाइट. सेक्टरची मोजणी एकपासून सुरू होते, म्हणून सहा बिटांत चौसष्ट नव्हे, त्रेसष्टच मावतात.

गुणाकार करून पाहा. १,०२४ गुणिले २५६ गुणिले ६३ गुणिले ५१२, म्हणजे सुमारे ८.४ जीबी. बाजारात दहा एमबीची डिस्क असताना या लोकांनी तिच्या आठशेपट जागेची सोय करून ठेवली होती. त्यांना आज अदूरदर्शी म्हणणं सोपं आहे, पण ते न्यायाचं नाही.

घोळ झाला तो दुसऱ्या टोकाला. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आयडीई पद्धतीच्या डिस्क आल्या. त्यांचे नियम पुढे एटीए नावानं प्रमाणित झाले. त्यांच्या पत्त्यालाही तेच तीन रकाने, पण मापं वेगळी. वर्तुळासाठी सोळा बिट, हेडसाठी चार, सेक्टरसाठी आठ. नुसत्या त्या पत्त्यानं १३७ जीबीपर्यंत पोचता येत होतं. पण हुकूम जायचा बायोसकडून डिस्ककडे. दोन ऑफिसं, दोन फॉर्म, आणि कागद दोन्हीकडे मंजूर व्हायला हवा. सरकारी नोकरी केलेल्यांना पुढचं सांगायला नको. प्रत्येक रकान्यात दोघांपैकी जो लहान आकडा, तोच चालणार. वर्तुळं बायोसची १,०२४, हेड डिस्कची १६, सेक्टर बायोसचे ६३. गुणाकार ५२,८४,८२,३०४ बाइट, म्हणजे जेमतेम ५२८ एमबी. एकाला ८.४ जीबी येत होतं, दुसऱ्याला १३७, आणि दोघं मिळून अर्ध्या जीबीवर अडले.

१९९४च्या आसपास अर्ध्या जीबीहून मोठ्या डिस्क घरगुती ग्राहकाच्या आवाक्यात आल्या आणि ही भिंत सगळ्यांना दिसली. मग उपाय निघाले. नव्या बायोसनी हिशेब फिरवला. वर्तुळं कमी सांगायची, त्या प्रमाणात हेड वाढवून सांगायची, गुणाकार तोच ठेवायचा. ज्यांचा बायोस जुना, त्यांच्यासाठी डिस्क मॅनेजरसारखी सॉफ्टवेअर आली. ती डिस्कच्या अगदी सुरुवातीला ठाण मांडायची आणि दुभाष्याचं काम करायची. पण दुभाष्याला टाळून थेट फ्लॉपीवरून कॉम्प्युटर चालू केला, की डिस्कवरचं काही धड वाचता येत नसे. घाबरून जाऊन अशी डिस्क नव्यानं फॉरमॅट करणारे कितीतरी होते.

पुढची भिंत ८.४ जीबीची. तिथे रकाने सोडून देऊन सगळ्या सेक्टरना एका ओळीत क्रमांक देण्याची पद्धत बायोसमध्येही आली. त्यानंतर सुमारे ३३.८ जीबीची. त्या काळातले काही बायोस याहून मोठी डिस्क दिसली की जागच्या जागी अडकून पडत. म्हणून कंपन्यांनी डिस्कच्या मागे एक जंपर दिला. तो लावला की डिस्क स्वतःला लहान म्हणवून घेई. उरलेली जागा वाया जाई, पण कॉम्प्युटर चालू होई.

मग आली १३७ जीबीची भिंत. एका ओळीतल्या क्रमांकासाठी डिस्कच्या नियमात अठ्ठावीस बिट होते. म्हणजे सेक्टर ० ते २६,८४,३५,४५५. त्यापुढचा क्रमांक लिहायला एकोणतिसावा बिट लागतो. २००२ साली एटीएच्या सहाव्या आवृत्तीनं पत्ता अठ्ठेचाळीस बिटांचा केला. त्याच वर्षी विंडोज एक्सपीच्या पहिल्या सर्व्हिस पॅकनं तो स्वीकारला. पण २००१च्या मूळ एक्सपीला तो येत नव्हता.

माझ्याकडे ती मूळ एक्सपी होती.

२००६ सालची गोष्ट. मी महूला होतो. निवृत्त सैनिकांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून व्हिडिओवर घ्यायचा मला नाद लागला होता. त्यातले पहिले होते एक सुभेदारसाहेब. १९६५च्या लढाईत ते लाइन पार्टीत होते. तोफांचा मारा चालू असताना टेलिफोनची तार तुटली, की ती शोधत जाऊन जोडायची, हे त्यांचं काम. तीन तास बोलले. मध्येच थांबून म्हणाले, "साहब, तार जोडली की पलीकडून आवाज यायचा. तो आवाज आला की समजायचं, पलीकडचे जिवंत आहेत."

डिजिटल व्हिडिओच्या टेपला तासाला सुमारे तेरा जीबी लागतात. म्हणून १६० जीबीची डिस्क आणली. शेजारच्या क्वार्टरमधल्या एका तरुण कॅप्टनकडे नवा कॉम्प्युटर होता. त्याच्यावर ती फॉरमॅट केली आणि दहा तासांचं चित्रण उतरवून घेतलं. टेप महाग, म्हणून त्याच टेप पुढच्या मुलाखतींना वापरल्या. मग डिस्क घरी आणून माझ्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये बसवली. जंपर बघून लावला, रिबन केबल जोडली, स्क्रू आवळले. चालू केल्यावर पूर्ण आकार दिसला. मी खूश.

आता कळतं, तो आकार माझ्या यंत्रानं मोजलेलाच नव्हता. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये विभागांचा तक्ता असतो. तो नव्या कॉम्प्युटरनं लिहिला होता. जुन्यानं तो वाचला आणि विश्वास ठेवला. मी आणखी मुलाखती, स्कॅन केलेली पत्रं, फोटो कॉपी करत गेलो. १३७ जीबीची रेघ कधी ओलांडली ते कळलंही नाही. त्या रेघेपुढच्या प्रत्येक पत्त्याचा सगळ्यात वरचा बिट गळत होता. २६,८४,३५,४५६ हा क्रमांक शून्य होऊन जात होता. म्हणजे नवं लिखाण डिस्कच्या सुरुवातीवर, जिथे तो तक्ता आणि पहिल्या मुलाखती होत्या, बरोबर त्यांच्याच डोक्यावर पडत होतं. अचूक पोचत होतं, चुकीच्या मुलखात.

एकही तक्रार नाही, एकही इशारा नाही. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर चालू केला, तर त्यानं विचारलं, ही डिस्क फॉरमॅट करायची का?

जाणकारांनी खटपट करून बरंच परत मिळवलं. सुभेदारसाहेबांच्या तीन तासांपैकी चाळीस मिनिटं मिळाली. पुन्हा बसू, असं त्यांनी मोठ्या मनानं म्हटलं होतं. त्याच हिवाळ्यात ते गेले.

मी बरीच वर्षं त्या जुन्या यंत्राला दोष देत होतो. आता देत नाही. मर्यादा सगळ्यांनाच असतात. ३३.८ जीबीला अडकून पडणारा बायोस उद्धट होता, पण प्रामाणिक होता. नाही जमत म्हणून थांबत होता. माझ्या यंत्रानं नाही म्हटलं नाही. आणि मी? सिग्नल्समध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात, की संदेश पाठवला म्हणजे पोचला असं नाही. पलीकडून परत वाचून घ्या. मी इतकं चित्रण पाठवलं आणि एकदाही परत वाचून घेतलं नाही. शिवाय मूळ टेपही पुसल्या.

ही भिंत शेवटची नव्हती. विभागांचा तो तक्ता १९८३ सालचा. त्यात पत्त्याला बत्तीस बिट, म्हणून मर्यादा २.२ टेराबाइट. २०१० मध्ये तीन टेराबाइटच्या डिस्क आल्या, तेव्हा सत्तावीस वर्षांपूर्वीचा तो तक्ता आडवा आला. आता जीपीटी नावाचा मोठा तक्ता आहे. अठ्ठेचाळीस बिटांचा पत्ता तर १४४ पेटाबाइटपर्यंत पुरतो. दहा एमबीच्या काळात ८.४ जीबीही अशीच अफाट वाटत असेल.

तेव्हा जुन्या कॉम्प्युटरला मोठी डिस्क लावणाऱ्यांनी एवढं करावं. डिस्कच्या आधी यंत्राचं वय बघा. बायोस कोणत्या सालचा, विंडोज कोणती आणि कोणत्या सर्व्हिस पॅकची, विभागांचा तक्ता कोणता, हे तपासा. या साखळीतली सर्वांत जुनी कडी तुमची मर्यादा ठरवते. दिसणाऱ्या आकारावर विश्वास ठेवू नका. आधी बिनमहत्त्वाच्या फायलींनी डिस्क काठोकाठ भरा, यंत्र बंद करून चालू करा, आणि पहिली फाइल उघडून बघा. शेवटची नव्हे, पहिली. आणि जुनी डिस्क किंवा टेप, नवीवरचं सगळं वाचून होईपर्यंत पुसू नका.

ती चाळीस मिनिटं आता माझ्याकडे तीन ठिकाणी आहेत. दर वर्षी एकदा तिन्ही उघडून सुभेदारसाहेबांचा आवाज ऐकतो. तार जोडलेली आहे ना, एवढंच बघायला.

जय हिंद.