आजोबांच्या घोट्यातला नारू

सिन्नरला लोक येतात ते गोंदेश्वराचे देऊळ पाहायला. मला मात्र सिन्नर म्हटले की आजोबांचा घोटा आठवतो. त्यावर रुपयाएवढा चकाकता व्रण होता. "नारूचा," असे म्हणून ते विषय संपवीत.

बारवेत उतरून घागर भरण्याचे ते दिवस. नारूचा फोड आगीसारखा जळे, म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवी. नेमकी तेव्हाच मादी आपली पिले पाण्यात सोडी. तिथले डोळ्यांना जेमतेम दिसणारे जलकीटक ती गिळीत आणि कीटक पुढे कुणाच्या तरी घागरीत जात. हा मार्ग फेडचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने १८७० च्या सुमारास उलगडला.

"वर्षभर आत होता, पण पत्ता लागू दिला नाही," असे आजोबा नवलाने सांगत. त्यांचे नवल रास्त होते. बाभळीचा काटा मोडला तर दुसऱ्या दिवशी पाय सुजतो. मग दोन-तीन फूट लांबीचा जिवंत कृमी शरीर मुकाट्याने कसे सोसते?

शरीराच्या पहाऱ्यावरच्या टी पेशी परक्यावर तुटून पडतात, हे आता शाळकरी मुलेही जाणतात. पण त्यांना आवरणाऱ्याही टी पेशी असतात. जपानच्या साकागुची यांनी १९९५ मध्ये त्या ओळखून दाखविल्या. २०२५ चे नोबेल त्यांना ब्रुन्को आणि रॅम्सडेल यांच्यासह मिळाले. या आवरण्यात इंटरल्यूकिन-१० या द्रव्याचा मोठा हात असतो. १९९६ साली अमेरिकेत हे द्रव्य नसलेल्या उंदरांना टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची लागण केली. परजीवी आटोक्यात राहिला, तरी उंदीर मेले, आणि तेही स्वतःच्याच टी पेशींच्या माऱ्याने! हत्तीरोगाचा कृमी तर नारूच्या भावकीतला. ज्यांच्या रक्तात त्याची पिले असूनही पाय सुजत नाहीत, अशांत हेच द्रव्य पुष्कळ आढळते. नारूच्या मौनामागेही असाच लगाम असावा, असे मला वाटते. अर्थात त्यात कृमीचेही फावतेच.

आजोबांचा लगाम सुटला तो माणसाच्या घाईने. नारू काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, अशी रीत. चौथ्या दिवशी कुणीतरी हिसका दिला आणि तो तुटला. आतले सारे मांसात सांडले. वर्षभर गप्प असलेले शरीर एका रात्रीत पेटून उठले. पाय मांडीपर्यंत सुजला. त्या सालची पेरणी शेजाऱ्यांनी केली.

भारतातला शेवटचा नारू जुलै १९९६ मध्ये राजस्थानात निघाला. २००० साली देश नारूमुक्त ठरला. ती बातमी मीच आजोबांना वाचून दाखविली. त्यांनी मान डोलावली, आणि उठून नळाखालच्या घागरीवर दुपदरी धोतर बांधले.